पंडित वकिलांचा प्राङ्न्याय

मुकुटबनच्या चौकात सकाळी चहाला उभं राहिलं की निदान चार भाषा कानावर पडतात. वऱ्हाडी तर घरचीच. पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा असल्यामुळे तेलुगूही इथे कोणाला परकी वाटत नाही. आसपासच्या पोडांवरून आलेली कोलाम आदिवासी माणसं आपसात कोलामी बोलतात. २०२२ साली गावाजवळ वर्षाला सुमारे ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला, आणि तेव्हापासून हिंदीचे तीन-चार प्रकार त्यात मिसळले. बिहारकडची, उत्तर प्रदेशाकडची, ओडिशाकडची पोरं हेल्मेट बगलेत धरून पोह्यांवर तर्री मागतात आणि तिखट लागलं की डोळे पुसतात.

परवा तिथेच ओळखीचे एक शेतकरी काका म्हणाले, "बाहेरचे लई झाले न भाऊ आता. गाव आपलं राह्यलंच नाही." मी मान हलवली. पाचेक मिनिटांनी त्यांनीच मोबाइल काढून न्यू जर्सीतल्या पुतण्याचा फोटो दाखवला. मागे बर्फ, पुढे गाडी. "त्याच्या व्हिसाचं काही खरं नाही म्हन्ते. तिकडचे लोक आपल्या पोराइले काहून त्रास देऊन राह्यले?"

दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, एकाच कपातल्या चहाबरोबरची. मला हसू आलं नाही. 'आपले कोण आणि बाहेरचे कोण' हा गुंता अमेरिकेच्या कायद्यात सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ आहे, आणि त्याचा एक टोकाचा पीळ ज्या माणसाने कोर्टात उभं राहून सोडवला त्याचं नाव जवळच्या वणीच्या बाररूममधल्या पाटीवरही सहज खपून गेलं असतं: सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, वकिली लॉस एंजेलिसची. अमेरिकेच्या सरकारने त्यांचं नागरिकत्व काढून घ्यायला दावा लावला आणि ते जिंकले. कशाच्या जोरावर जिंकले, ते या गोष्टीतलं खरं नवल आहे.

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १७९० साली अमेरिकेच्या काँग्रेसने परदेशी माणसाला नागरिक करून घेण्याचा पहिला कायदा केला. त्यात अट होती की अर्जदार स्वतंत्र आणि 'गोरा' असावा. गोरा म्हणजे काय, हे मात्र लिहिलं नाही. लिहिणाऱ्यांना ते लिहिण्याइतकं अवघड वाटलंच नसावं. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही दार उघडलं. १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला. आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरल्या त्या त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये. त्या शिकायला आल्या होत्या आणि परत जाणार होत्या, म्हणून कोणी अडवलं नाही. राहायला येणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. गोरेही नाहीत, आफ्रिकीही नाहीत, असे लोक पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागले तेव्हा जिल्ह्या-जिल्ह्यातल्या न्यायाधीशांसमोर एक विचित्र काम येऊन पडलं: समोर उभा असलेला माणूस गोरा आहे की नाही हे ठरवायचं.

ते कसं ठरवायचे याचा एक नमुना जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावचा आहे. अब्बा डोला नावाचा, कलकत्त्यात जन्मलेला अफगाण वंशाचा व्यापारी अर्ज घेऊन आला. न्यायाधीशांनी त्याला बाही वर करायला सांगितली. चेहरा आणि हात उन्हाने रापलेले, पण बाहीखाली झाकलेली कातडी उजळ होती आणि तिच्यातून निळ्या शिरा दिसत होत्या. झालं, डोला गोरा ठरला. सरकारने अपील केलं, तेही १९१० मध्ये फेटाळलं गेलं. त्याच वर्षी मुंबईचा एक पारशी व्यापारी, भिकाजी बलसारा, न्यूयॉर्कच्या अपील कोर्टात गोरा ठरला. १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात अक्षयकुमार मजुमदार नागरिक झाले. बाहीखालच्या शिरांवर नागरिकत्व ठरत असेल तर आपल्या शेतात उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाचं काही खरं नव्हतं, आणि सावलीत बसणाऱ्याचं बरं चाललं असतं, एवढं मात्र त्यातून नक्की कळतं.

पंडितांचा अर्ज १९१४ चा. ते अमेरिकेत आले होते हिंदू तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत, मग कॅलिफोर्नियात स्थिरावले. लॉस एंजेलिसच्या कोर्टात त्यांच्या अर्जाला सरकारने हरकत घेतली. सुनावणी झाली, दोन्ही बाजू मांडल्या गेल्या आणि न्यायाधीशांनी निकाल पंडितांच्या बाजूने दिला. सरकारने अपील केलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर फिरतं. पंडितांनी ब्रिटिश राजाची निष्ठा सोडल्याची शपथ घेतली, पुढे कायदा शिकले, १९१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बारमध्ये दाखल झाले, तिथल्याच बाईशी लग्न केलं, घर घेतलं.

याच काळात किनाऱ्यावरचं वारं फिरत होतं. आशियाई लोकांना बंदी करा म्हणणारी संघटना १९०५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उभी राहिली होती. ४ सप्टेंबर १९०७ ला बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने लाकूडगिरण्यांतल्या हिंदी मजुरांना, बहुतेक शिखांना, मारून-धोपटून गावाबाहेर काढलं. तक्रार एकच होती: हे कमी मजुरीवर राबतात आणि आमचा दर पाडतात. १९१६ मध्ये मॅडिसन ग्रँट या न्यूयॉर्कच्या सुखवस्तू वकिलाचं 'द पासिंग ऑफ द ग्रेट रेस' निघालं. उत्तर युरोपातून आलेला मूळ अमेरिकन वंश पातळ होत चालला आहे, असा त्याचा सूर. मजुराची तक्रार पोटाची होती आणि ग्रँटची वंशाची. दोघांची गाठ पडली आणि १९१७ मध्ये आशियाचा मोठा पट्टा बंद करणारा कायदा झाला. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता.

आपल्या शेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या दिवसांत याच किनाऱ्यावर होते. ओरेगनमध्ये शेतीशास्त्र शिकत, गिरणीमजुरांत ब्रिटिशविरोधी गदर चळवळीची बांधणी करत. अमेरिकेत त्यांना पाय रोवता आले नाहीत. पुढे ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत मक्याच्या वाणांवर काम केलं, आणि दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना भिंतीवर रंगवलं. सीमेच्या एका बाजूला नकोसा असलेला माणूस दुसऱ्या बाजूला भिंतीवर चढतो, ही त्या काळाची गंमत. पण खानखोज्यांची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे.

खटला उभा राहिला तो भगतसिंग थिंद यांचा. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन फौजेत भरती झाले होते, वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईसमध्ये. १९१८ च्या डिसेंबरात गणवेशातच त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं गेलं. १९२० मध्ये ओरेगनच्या कोर्टाने पुन्हा दिलं. या वेळी सरकार वर गेलं. सुप्रीम कोर्टात थिंद यांच्या बाजूने जे लेखी निवेदन दाखल झालं त्यावर वकील म्हणून सखाराम गणेश पंडितांचंही नाव होतं.

ते निवेदन आज वाचताना मान खाली जाते. युक्तिवाद असा होता की मानववंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियन म्हणतात, आर्य म्हणतात, म्हणून थिंद गोरे. इथवर ठीक. पण पुढे पुरावा म्हणून जातिव्यवस्था आणली होती. उच्चवर्णीय हिंदू आपल्या देशातल्या आदिवासीकडे लग्नाच्या बाबतीत त्याच नजरेने बघतो ज्या नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो, म्हणून त्याचं रक्त शुद्ध राहिलं आहे, अशा आशयाचा तो पुरावा. मी हे वाचलं तेव्हा मला मुकुटबनच्या बाजारात डिंक आणि मोहफुलं घेऊन बसणाऱ्या कोलाम बाया आठवल्या. हजारो मैलांवर कोणाला तरी नागरिकत्व मिळावं म्हणून त्यांच्या आजीचा असा दाखला दिला गेला, हे त्यांना कोण सांगणार? दार ठोठावणारा माणूस आपल्याला आत घ्यावं म्हणून मागच्या रांगेतल्याला असा ढकलतो, हे नुसतं अमेरिकेतच होतं असं नाही.

१९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला. लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड. तीन महिन्यांपूर्वीच, १९२२ च्या नोव्हेंबरात, त्यांनी ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज फेटाळताना लिहिलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि जपानी कॉकेशियन नाहीत. थिंद कॉकेशियन निघाले तेव्हा त्यांनी लिहिलं की शास्त्रज्ञांचा शब्द इथे कामाचा नाही. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. ओझावाला शास्त्राने हरवलं, थिंदला शास्त्र बाजूला ठेवून. दोन्ही वेळा मत एकमुखी.

हे सदरलँड स्वतः कोण होते? १८६२ मध्ये इंग्लंडातल्या बकिंगहॅमशायरमध्ये जन्मलेले, वर्षाभराचे असताना आईबापांच्या कडेवर युटात आलेले. म्हणजे परदेशात जन्मलेल्या न्यायमूर्तीने ठरवलं की परदेशात जन्मलेला हा दुसरा माणूस आत येण्याजोगा नाही. पुढच्या दशकात ते रूझवेल्टच्या योजनांना अडवणाऱ्या चार सनातनी न्यायमूर्तींपैकी एक म्हणून गाजले. अमेरिकेतल्या स्थलांतरविरोधी लेखनाच्या इतिहासात असा योगायोग पुन्हा भेटतो: १९९५ मध्ये 'एलियन नेशन' लिहून त्या बाजूचा झेंडा उचलणारे पीटर ब्रिमलो हेही इंग्लंडात जन्मलेले. आधी आलेल्याने मागून येणाऱ्यासाठी दार लावायचं ही सवय रेल्वेच्या जनरल डब्यात बसलेल्या कोणालाही नवी नाही. आत शिरेपर्यंत "सरका न भाऊ थोडं", शिरल्यावर "जागा नाही".

थिंद निकालानंतर सरकारला वाटलं, यापुढे कोणाला नागरिक करायचं नाही एवढंच कशाला, आधी ज्यांना केलं त्यांचंही परत घेऊ. कागद 'बेकायदा मिळवलेले' म्हणून दावे लागले. सुरुवात मजुमदारांपासून झाली. पुढच्या काही वर्षांत पन्नासाहून अधिक हिंदी माणसांचं नागरिकत्व गेलं. कॅलिफोर्नियात नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नसे, त्यामुळे कागद गेला की जमिनीवरही गदा. सॅन फ्रान्सिस्कोतले व्यापारी वैष्णोदास बगाई बायकामुलांसह १९१५ मध्ये आले होते. नागरिकत्व गेल्यावर पासपोर्टसाठी पुन्हा ब्रिटिश प्रजा व्हा, असं त्यांना सांगण्यात आलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

पंडितांवरही दावा लागला. आता वकील आणि अशील एकच. हरले असते तर काय काय गेलं असतं याची यादी बघण्यासारखी आहे. वकिली गेली असती, कारण बारमध्ये बसायला नागरिकत्व लागे. घर धोक्यात आलं असतं. बायको जन्माने अमेरिकन. पण १९२२ च्या कायद्याप्रमाणे नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी माणसाशी लग्न केलेल्या बाईचं स्वतःचं नागरिकत्वही जाई. म्हणजे नवऱ्याच्या कातडीमुळे बायको आपल्याच देशात परकी. आणि ब्रिटिश निष्ठा तर पंडितांनी १९१४ मध्येच सोडून दिलेली. ते कोणाचेच उरले नसते.

ते कोर्टात काय म्हणाले? मी गोरा आहे, हे त्यांनी सिद्ध करत बसण्यात अर्थ नव्हता. तो वाद थिंदच्या वेळीच हरला होता आणि हरणाऱ्यांत ते स्वतः होते. त्यांनी वेगळी वाट धरली. मी गोरा आहे की नाही हा प्रश्न १९१४ मध्ये याच सरकारने कोर्टासमोर आणला होता. तुम्ही हरकत घेतली, सुनावणी झाली, कोर्टाने ठरवलं. अपिलाची मुदत होती, तुम्ही केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी जुनी निष्ठा सोडली, शिकलो, संसार मांडला. आता त्याच दोन पक्षांत तोच वाद पुन्हा उकरता येणार नाही. १९१४ चा निकाल कदाचित चुकीचा असेल. पण तो निकाल आहे.

याला आपल्या कायद्याच्या मराठीत प्राङ्न्याय म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम ११. वणीच्या कोर्टात धुऱ्याच्या भांडणात वकील रोज तो शब्द वापरतात आणि अशील "म्हंजे काय जी?" विचारतो. शब्द इंग्रजांच्या आधीचा आहे. दाव्याला उत्तर देण्याचे चार प्रकार धर्मशास्त्राने सांगितले: कबूल करणं, नाकारणं, कबूल करून कारण सांगणं, आणि चौथा प्राङ्न्याय, म्हणजे 'हा वाद पूर्वीच झाला, त्यात हा हरला आहे'. कल्याणीच्या चालुक्य दरबारातल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत याची चर्चा केली आहे. लॉस एंजेलिसच्या कोर्टात रोमन कायद्यातलं लॅटिन नाव चाललं असेल. पण पंडित आडनावाच्या माणसाने शेवटी हाच चौथा प्रकार काढावा, याचं मला राहून राहून कौतुक वाटतं.

खालच्या कोर्टात पंडित जिंकले. सरकार अपिलात गेलं. १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या कोर्टानेही निकाल कायम केला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. १९२७ मध्ये तिथे प्रकरण ऐकायलाच नकार मिळाला. त्यानंतर हिंदी लोकांविरुद्धचे उरलेले दावे सरकारने गुंडाळले. एका माणसाचा खटला, पण दोरी अनेकांच्या गळ्यातली सुटली. बगाईंना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. त्यांचा कागद आधीच गेला होता.

इथे जरा थांबू. आज अमेरिकेतल्या राजकारणाबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं त्यात 'कन्झर्व्हेटिव्ह' म्हणजे परदेशी माणसाला हाकलणारा, एवढाच अर्थ धरला जातो. पंडितांचा खटला त्याला छेद देतो, कारण त्यांचा युक्तिवाद अथपासून इतिपर्यंत सनातनी होता. बसलेली घडी मोडू नका, दिलेला निकाल फिरवू नका, ज्या आश्वासनावर माणसाने घर बांधलं ते मागाहून काढून घेऊ नका. एडमंड बर्कला या परंपरेचा मूळपुरुष मानतात. समाज हा मेलेल्या, जगणाऱ्या आणि जन्माला यायच्या पिढ्यांमधला करार आहे, असं त्याचं म्हणणं. आणि याच बर्कने हिंदुस्थानातल्या कारभारासाठी वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवायला आयुष्याची कित्येक वर्षं घातली. सनातनी विचारात दोन धारा पहिल्यापासून आहेत. एक म्हणते, शब्द पाळा. दुसरी म्हणते, आपलं रूप सांभाळा. १९२० च्या दशकात सरकार दुसरीच्या मागे होतं, आणि पंडितांनी पहिलीने तिला अडवलं.

दुसऱ्या धारेचं म्हणणं मूर्खपणाचं आहे असं मला वाटत नाही. तिची बाजू नीट ऐकायला हवी. १८९० मध्ये अमेरिकेच्या लोकसंख्येत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण १४.८ टक्के होतं. १९२४ च्या कायद्याने दार जवळपास लावून घेतलं, आणि १९७० मध्ये ते ४.७ टक्क्यांवर आलं. आता ते पुन्हा १४ टक्क्यांच्या पुढे आहे. त्या मधल्या बंद काळातच इटालियन, पोलिश, ज्यू घरांतली पोरं एकाच शाळेत शिकून 'अमेरिकन' झाली, आजही तशी उसंत हवी, असं ही मंडळी म्हणतात. सॅम्युएल हंटिंग्टन यांनी २००४ च्या 'हू आर वी?' मध्ये मांडलं की अमेरिका नुसती घटनेवर उभी नाही, इंग्रजी प्रॉटेस्टंट संस्कृतीवर उभी आहे. ती विरळ झाली तर घटनाही हवेत राहील. यातल्या 'इंग्रजी प्रॉटेस्टंट'च्या जागी दुसरे शब्द घाला, आपल्याकडच्या किती सभांतलं भाषण तयार होतं बघा.

आणि दार उघडणारेही सगळे उदारमतवादी नव्हते. १९४६ मध्ये हिंदी माणसाला नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जणांचा कोटा देणारा कायदा झाला त्यावर दोन नावं आहेत. एक क्लेअर बूथ लूस, रिपब्लिकन. दुसरं ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर, ज्यांनी १९२४ मध्ये नवखे सदस्य असताना त्या वर्षीच्या कायद्याविरुद्ध भाषण केलं होतं आणि जे १९६५ मध्ये तो कायदा मोडीत काढणाऱ्या विधेयकाचे जनक झाले. एक्केचाळीस वर्षं एका मुद्द्याला धरून बसलेला माणूस. १९६५ च्या त्या कायद्यानेच आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनिअरांना वाट मोकळी झाली; १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं ते त्याच लाटेवर. १९८६ मध्ये सुमारे २७ लाख बेकायदा रहिवाशांना कायदेशीर करणाऱ्या कायद्यावर सही कोणाची? रोनाल्ड रेगन यांची. आज बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसतात, मराठी उच्चारांच्या इंग्रजीसकट.

काकांच्या पुतण्याचा प्रश्न मात्र या दोन धारांच्या मधल्या चिखलात रुतला आहे. एच-१बी व्हिसे वर्षाला ८५ हजार. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही. लक्झेंबर्गला तोच आणि भारतालाही तोच, म्हणून आपल्या लोकांची रांग दशकांची. रांगेत उभ्या बापाला तिथे पोर होतं, ते १८९८ च्या वाँग किम आर्क निकालाप्रमाणे जन्मतः नागरिक, बाप व्हिसावर. २० जानेवारी २०२५ ला निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या पोरांचा हा हक्कच काढायचा घाट घातला आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९ सप्टेंबर २०२५ ला नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावणारी घोषणा झाली. त्याआधी, २०२४ च्या नाताळात, ट्रम्प यांच्याच गोटात यावरून जुंपली होती: इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी व्हिसाच्या बाजूने, स्टीव्ह बॅनन विरोधात. उद्योगाला हुशार हात हवेत आणि गावाला आपलं रूप हवं, हे भांडण एकाच पक्षाच्या ओसरीवर.

मुकुटबनला परत येतो. महाराष्ट्रात उद्योगांतल्या ८० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, असं सरकारी धोरण १९६८ पासून आहे. स्थानिक कोण? पंधरा वर्षं राज्यात राहिलेला. अमेरिकेत पंडितांच्या वेळी पाच वर्षं पुरत होती, अर्थात गोरे असाल तर. पंधरा वर्षांची ही मोजपट्टी मला बरी वाटते, कारण ती बाही वर करायला लावत नाही. पण ती लावायची म्हटलं तर पोडावरच्या कोलामासमोर आम्ही सगळेच मागून आलेले. आणि भोवतालच्या शेतात उभा असलेला कापूस? आजोबांच्या वेळचा गावरान कपाशीचा वाण आता शोधावा लागतो. आज जो उभा आहे तो बहुतेक मेक्सिकोकडून आलेल्या, 'अमेरिकन कापूस' म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या जातीचा. त्याच्या बोंडाला भाव मिळावा म्हणून रस्ता अडवताना त्याचा जन्मदाखला कोणी मागितलेला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क उठवलं, तेव्हा काका म्हणाले होते, "मानूस येऊ देत नाही म्हन्ते, कापूस मात्र पाठवते."

गेल्या महिन्यात सेतू केंद्राच्या बाकावर एक तरुण भेटला. बिहारकडचा, बायको आणि दोन पोरांसह आधी चंद्रपूरकडे खाणीत, आता इथे. अधिवासाचा दाखला काढायचा होता. त्याचा प्रश्न सरळ होता: पंधरा वर्षं कुठून मोजायची? पहिल्या भाड्याच्या खोलीची पावती नव्हती. रेशनकार्ड गावाकडचं. होतं ते एवढंच: थोरल्या मुलीचं जिल्हा परिषद शाळेतलं प्रवेशाचं पान, झेरॉक्सची झेरॉक्स, मुख्याध्यापकांचा शिक्का पुसट झालेला. मुलगी शेजारी उभी राहून त्याला अर्जातले मराठी रकाने वाचून दाखवत होती. "मूळ प्रत कुठे आहे?" मी विचारलं. शाळेत आहे म्हणाला. मी म्हटलं, आजच जाऊन नव्या शिक्क्याची प्रत घे, आणि ही जुनीही टाकू नको.